गृहस्थाची बंदूक

गेल्या आषाढांत आमच्या एका स्नेह्यांच्या शेजारच्या घरीं रात्रीं चोर शिरले. घरांत वृद्ध नवराबायको दोघेंच. चोरीला गेलें तें फारसें नव्हतें. चार भांडीं, एक घड्याळ आणि कपाटांतील थोडी रोकड. परंतु त्या रात्रीपासून त्या आळींतील कोणालाही पूर्वीसारखी झोप लागेना. दोनतीन दिवसांनीं स्नेही संध्याकाळीं आमच्याकडे आले व नेहमींच्या गोष्टी बाजूस सारून म्हणाले, “घरांत एखादें हत्यार असावें असें आतां वाटूं लागलें आहे. परवाना काढावा म्हणतों. पण घ्यावें कोणतें? पिस्तूल कीं बंदूक? तुम्ही इतकें वाचतां, तर तेवढें सांगा.” त्यांच्या सौभाग्यवती बरोबर होत्या, त्या कांहीं बोलल्या नाहींत.

आमचा बंदुकीशीं संबंध केवळ ग्रंथांतला. शिकार आम्हीं कधीं केली नाहीं, आणि चाप ओढण्याचा प्रसंगही कधीं आला नाहीं. तेव्हां त्या वेळीं आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. परंतु विचार करूं लागतांच असें ध्यानांत आलें कीं, घराच्या रक्षणासाठीं कोणतें हत्यार घ्यावें हा प्रश्न आपल्या देशांत गृहस्थानें एकट्यानें क्वचितच सोडविला आहे. कधीं त्याच्या वतीनें गांवानें, कधीं परक्या सरकारनें आणि पुढें आपल्याच लोकसभेनें त्याचें उत्तर दिलें. हीं उत्तरें कशीं बदलत गेलीं याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि ज्याला आज दुकानांत जाऊन निवड करावयाची आहे त्यानें तो एकदां वाचावा असा आहे.

पेशवाईच्या अखेरीस देशावरील सधन गृहस्थाच्या घरीं बंदूक असणें ही नवलाची गोष्ट नव्हती. भाला, तरवार, ढाल यांच्या जोडीस तोड्याची बंदूक भिंतीवर टांगलेली असे. परंतु ती चोरासाठीं होती असें मानणें चुकीचें होईल. तिची कृतिच पाहा. नळींत दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, गजानें ठासावयाची, कानांत रंजक घालावयाची आणि मग पेटता तोडा रंजकेस लावून बार काढावयाचा. तोडा आधींपासून पेटलेला हवा. तो विझलेला असेल तर अंधारांत चकमक झाडून तो पेटविण्यांतच चोराचें काम उरकून जाई. पावसाळ्यांत दारू सर्द होई. सारांश, ही बंदूक शत्रु दुरून येतांना दिसत असतां, दिवसाउजेडीं, गढीच्या जंग्यांतून मारण्याच्या कामाची. मध्यरात्रीं माजघरांत शिरलेल्या माणसापुढें तिच्याहून दाराचा अडसर अधिक उपयोगी होता.

म्हणून त्या काळच्या गृहस्थाचें खरें हत्यार बंदूक नव्हे. जाड भिंती, रस्त्याकडे लहान खिडक्या, दिंडी दरवाजा, आंतून अडसर, ही त्याची पहिली फळी. दुसरी फळी म्हणजे गांव. गांवची राखण रामोशी, महार, भिल्ल अशा ज्या त्या प्रांतांतील जातींकडे वतनाप्रमाणें सोंपविलेली असे. चोरी झाली तर चोराचा माग काढणें हें जागल्याचें काम होतें. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला म्हणजे पुढील जबाबदारी त्या गांवावर पडे. एल्फिन्स्टनसाहेबानें पेशव्यांच्या मुलखाविषयीं १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आलें आहे. रामोशी राखणहि करीत व प्रसंगीं दरोडेहि घालीत, म्हणून या पद्धतीची थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु तींतील मर्म विसरतां कामा नये. घराचें रक्षण ही एकट्या घरधन्याची बाब नसून ती शिवेच्या आंतल्या सर्वांची बाब आहे, हें तींत गृहीत धरलेलें होतें.

एकोणिसाव्या शतकांत दोन गोष्टींनीं हें चित्र पालटलें. एक बंदुकीच्या यंत्रांतील सुधारणा, दुसरी कायदा.

यंत्राची गोष्ट आधीं सांगतों. १८०७ मध्यें फोर्साइथ नांवाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकानें, आघातासरशीं पेटणाऱ्या द्रव्यानें बार उडविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्यांतून पुढें तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. तोडा गेला, गारगोटी गेली; घोडा टोपीवर पडला कीं बार झाला. मग दारू, गोळी व टोपी हीं तिन्ही एकाच काडतुसांत आलीं, आणि नळी तोंडाकडून ठासण्याऐवजीं मागच्या बाजूनें भरतां येऊं लागली. इकडे अमेरिकेंत कोल्टनें १८३६ मध्यें फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचें पेटंट मिळविलें. या सुधारणांचा अर्थ सैन्याला कळला तसा गृहस्थालाहि कळण्यासारखा होता. इतिहासांत प्रथमच असें हत्यार निर्माण झालें कीं, जें भरून उशाशीं ठेवतां येईल, पावसांत सर्दणार नाहीं, आणि झोपेंतून उठलेला मनुष्य एका क्षणांत चालवूं शकेल. घराच्या रक्षणासाठीं बंदूक निवडणें या कल्पनेला खरा अर्थ येथपासून आला.

आणि नेमक्या याच वेळीं कायद्यानें एक दार उघडलें आणि दुसरें लावून घेतलें.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानासाठीं फौजदारी कायद्याचा जो मसुदा १८३७ मध्यें तयार झाला, त्यांत स्वसंरक्षणाचा हक्क फार उदारपणें दिला होता. या उदारपणाचें कारण मसुदाकारांनीं आपल्या टिपणांत स्पष्ट केलें आहे. या देशांतील लोक स्वसंरक्षणाच्या नांवाखालीं अतिरेक करतील ही भीति त्यांना वाटत नव्हती. उलट लोक दरोडेखोरांपुढें मुकाट्यानें मान तुकवितात, तेव्हां त्यांच्यांतील धीटपणास उत्तेजन द्यावें असा त्यांचा भाव होता. पुढें १८६० मध्यें दंडसंहिता झाली व १८६२ च्या आरंभापासून ती अमलांत आली. तिच्या ९६ ते १०६ या कलमांनीं गृहस्थाला असें सांगितलें कीं, रात्रीं घर फोडून कोणी आंत शिरूं लागला, किंवा लूट करूं लागला, तर प्रसंगीं त्याचा प्राण घेण्यापर्यंत तुझा हक्क आहे. मात्र गरजेपेक्षां अधिक इजा करतां कामा नये, आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाहीं.

कायद्याच्या ग्रंथांत हा हक्क छापला जात होता, तेव्हां तो बजावण्याचें साधन हातांतून काढून घेण्यास आरंभ झालेला होता. १८५७ च्या उठावानंतर सरकारची नजर देशांतील हत्यारांवर खिळली. त्याच वर्षीं आणि पुन्हा १८६० मध्यें हत्यारांविषयीं कायदे झाले. मुलुखचे मुलुख निःशस्त्र करण्यांत आले. शेवटीं १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा सार्वत्रिक कायदा मंजूर झाला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणें हा सर्व देशभर गुन्हा ठरला. साधी शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि लपवाछपवी केल्यास सात वर्षांपर्यंत. ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येंत बंदुकीबरोबर तरवार, खंजीर, भाला आणि धनुष्यबाण यांचाहि समावेश होता, व परवान्याशिवाय सशस्त्र फिरण्यास बंदी झाली.

याच सुमारास खुद्द इंग्लंडांत काय स्थिति होती? तेथें १८७० च्या कायद्यानें बंदुकीला दहा शिलिंगांचा वार्षिक परवाना लागे, व तो पोस्टांत मिळे. स्वतःच्या घरांत आणि घराच्या आवारांत बंदूक बाळगणाराला तोहि लागत नसे. रायफल किंवा पिस्तूल बाळगण्यासाठीं पोलिसांचें प्रमाणपत्र इंग्रज गृहस्थाला प्रथम मागावें लागलें तें १९२० मध्यें. म्हणजे एकाच राणीच्या दोन प्रजाजनांपैकीं एकाला घराच्या रक्षणाचें हत्यार निवडण्यास कोणास विचारावें लागत नव्हतें, आणि दुसऱ्याला कलेक्टरच्या कचेरींत अर्ज करून उभें राहावें लागत होतें. इतकेंच नव्हे, तर हिंदुस्थानांतहि यूरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन आणि मिश्रवंशीय लोकांना या कायद्याच्या जाचांतून नियमांनीं सूट दिली होती. एकाच रस्त्यावर दोन बंगले. एकांत काडतुसी बंदूक भिंतीवर उघड टांगलेली, दुसऱ्यांत आजोबांची जुनी ठासणीची बंदूक सरकारजमा झालेली. लोकांना जें झोंबलें तें हें. लिटनच्याच काळांत, त्याच वर्षीं, देशी वृत्तपत्रांवर बंधन घालणारा कायदा झाला होता. तो रिपननें १८८२ मध्यें उठविला. हत्यारांचा कायदा मात्र चौऱ्याऐंशी वर्षें टिकला.

या कायद्यानें गृहस्थ सुरक्षित झाला काय? कायदा अमलांत येऊन वर्ष लोटलें नव्हतें, तोंच १८७९ च्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडके यांनीं पुणें जिल्ह्यांतील धामारी गांवीं पहिला छापा घातला. फडक्यांचा हेतु राजकीय होता. दुष्काळानें गांजलेल्या मुलखांत सरकाराविरुद्ध उठाव करण्यास त्यांना पैसा हवा होता. त्यांच्या देशभक्तीविषयीं येथें वाद नाहीं. परंतु धामारीच्या ज्या सावकाराच्या दारावर रामोशांचा जमाव उभा राहिला, त्याच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे काय दिसतें? ज्या सरकारनें त्याच्या रक्षणाची हमी घेतली होती, तें सरकार त्या रात्रीं मैलोगणती दूर होतें. छापे घालणाऱ्यांजवळ हत्यारें होतीं. त्यांनीं तीं परवान्यानें मिळविलेलीं नव्हतीं. फडके सांपडले ते जुलै महिन्यांत, विजापूर जिल्ह्यांतील देवर नावदगी येथें. तोंपर्यंत पुणें, सातारा आणि कोंकण या प्रांतांतील सधन घरांनीं त्या रात्रीं कशा काढल्या असतील, याची कल्पना करतां येते.

तीस वर्षांनीं हीच गोष्ट दुसऱ्या रूपानें प्रत्ययास आली. १९०९ च्या २१ डिसेंबर रोजीं नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यासाठीं वापरलेलें ब्राउनिंग पिस्तूल हें लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यांतून आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं एक होतें. त्या दिवसांत नाशिकच्या एखाद्या प्रामाणिक वकिलानें घराच्या रक्षणासाठीं पिस्तुलाचा परवाना मागितला असता, तर त्याला किती खेटे घालावे लागले असते! ज्याला कायदा मोडावयाचा आहे त्याला हत्यार मिळतें, आणि ज्याला कायदा पाळावयाचा आहे तो निःशस्त्र राहतो, हा आक्षेप त्या वेळेपासून आजतागायत केला जातो. आणि त्यांत तथ्यांश नाहीं असें म्हणवत नाहीं.

राष्ट्रीय सभेनें हा प्रश्न आरंभापासून हातीं घेतला होता. १८८७ मध्यें मद्रासच्या अधिवेशनांत हत्यारांच्या कायद्याविरुद्ध ठराव झाला. त्यावर बोलणाऱ्यांत तरुण बिपिनचंद्र पाल होते. १९१८ मध्यें खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पत्रक काढतांना महात्मा गांधींनीं असें लिहिलें कीं, इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा दिसेल. अहिंसेच्या उपासकाच्या लेखणींतून आलेला हा अभिप्राय पुष्कळांना चमत्कारिक वाटतो. वस्तुतः त्यांत विसंगति नाहीं. ज्याच्या हातांत शस्त्र असूं शकतें त्यानेंच तें खालीं ठेवण्याला नैतिक मोल आहे. ज्याचें काढून घेतलें आहे त्याच्या अहिंसेला कोण विचारतो? पुढें १९२० च्या नियमांनीं वर्णावरून दिलेली सूट काढून टाकली. १९२८ च्या नेहरू अहवालांत आणि १९३१ च्या कराची ठरावांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क हा मूलभूत हक्कांत घालण्यांत आला.

परंतु या सर्व चळवळीकडे आज पाहतांना एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ठराव करणारे ज्या बंदुकीविषयीं बोलत होते ती राष्ट्राची बंदूक होती, गृहस्थाची नव्हे. मान, पौरुष, समता आणि परकीय सत्तेचा अविश्वास हे त्यांचे विषय होते, आणि ते योग्यच होते. पण ती बंदूक एकदां मिळाल्यावर रात्रीं दहाच्या पुढें घरांत ती कोठें असेल, तिच्यापाशीं कोण जाईल, भाऊबंदकीच्या भांडणांत ती कोणावर रोखली जाईल, याचा विचार त्या व्यासपीठांवर झाल्याचें दिसत नाहीं. हक्क मागणाराला तो विचार करण्याची त्या वेळीं गरज नव्हती. हक्क देणाराला मात्र ती होती.

तो प्रसंग डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितीपुढें आला. नागरिकांच्या स्वातंत्र्यांच्या यादींत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी उपसूचना हरि विष्णु कामत यांनीं मांडली होती. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता कीं, पूर्वींचे ठराव ज्या परिस्थितींत झाले ती आतां राहिली नाहीं. इंग्रजांनीं लोकांना निःशस्त्र केलें तें शांतता राखण्यासाठीं नव्हे, तर अंकित प्रजेनें आपल्यावर उठूं नये म्हणून. तें कारण नाहींसें झाल्यावर ठरावांचा पायाच गेला. आणि वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार विकत घ्यावें असा हक्क दिल्यास कोणत्याहि राज्याला कारभार चालवितां येणार नाहीं. उपसूचना नामंजूर झाली. घटनेंत उलट शब्द आले: सभा भरविण्याचें स्वातंत्र्य आहे, पण तें शांततेनें व निःशस्त्रपणें. दीडच वर्षापूर्वीं फाळणीच्या वेळीं घराघरांत जें घडलें तें त्या सभागृहांतील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें ताजें होतें. त्या भयंकर दिवसांनीं दोन्ही बाजूंना पुरावा पुरविला होता. आपल्याजवळ बंदूक असती तर घर वांचलें असतें असें एक म्हणे; जमावाजवळ बंदुका होत्या म्हणून घर गेलें असें दुसरा म्हणे. आणि दोघेहि खरें बोलत होते.

लिटनचा कायदा अखेर गेला. १९५९ मध्यें लोकसभेनें नवा कायदा केला व १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. तरवार, भाला यांवरील जुनीं बंधनें त्यानें पुष्कळ सैल केलीं. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर या कायद्याच्या तेराव्या कलमांत आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. संरक्षणासाठीं किंवा शिकारखेळासाठीं, निदान वीस इंच लांब नळीची, आंतून गुळगुळीत असलेली बंदूक कोणी नागरिकानें मागितली, किंवा पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्यांत सांगितलेल्या अपात्रता नसल्यास परवाना द्यावा, असें तें कलम म्हणतें. इतर हत्यारांसाठीं, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल यांसाठीं, सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. याचा अर्थ असा कीं, गृहस्थाच्या हातीं कोणतें हत्यार शोभतें याची निवड कायद्यानेंच करून ठेवली आहे.

ही निवड लहरीची नाहीं. तिच्यामागें यंत्राचें ज्ञान आहे. रायफलीच्या नळींत आंतून मळसूत्री आटे असतात. त्यांनीं गोळीला फिरकी मिळते व ती पुष्कळ दूर, नेमकी आणि भिंती भेदून जाते. घरांत तिचें काम नाहीं. चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या घरांत जावयाची. गुळगुळीत नळीच्या बंदुकींतून बहुधा छर्रे उडतात. ते पसरतात, आणि थोड्याच अंतरावर त्यांचा जोर संपतो. तिला आपण बाराबोअरी म्हणतों, त्याचा हिशेबहि मोठा गंमतीचा आहे. एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळींत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक. तिच्या नळीचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. आणि नळी वीस इंचांची कां? तर अशी बंदूक सदऱ्याखालीं लपवून बाजारांत नेतां येत नाहीं. ती घरांत राहते. पिस्तूल मात्र खिशांत मावतें, म्हणून घरासाठीं घेतलेलें पिस्तूल उद्यां रस्त्यावर जाऊं शकतें. सैन्याच्या मापाचीं हत्यारें कायद्यानें गृहस्थाला वर्ज्य केलीं, तींहि अशाच विचारानें: सैन्याचा दारूगोळा चोरून आणला तरी तो घरच्या बंदुकींत बसूं नये. म्हणून ३०३ ची रायफल सैनिकाची आणि ३१५ ची परवानेदाराची, असा भेद पडला.

कोंकणांत रानडुकरांपासून शेत राखण्यासाठीं शेतकऱ्यांजवळ ठासणीच्या बंदुका आजहि आहेत. काळ कितीहि पुढें गेला तरी त्या बंदुकीला एकच बार आहे आणि दुसरा भरण्यास वेळ लागतो, हाच तिचा गुण कायद्यानें हेरला. कूर्ग प्रांतांतील कोडगू लोकांना १८६१ पासून बंदुकीच्या परवान्याची माफी मिळाली. ती सूट अनेक राज्यें बदललीं तरी चालूच आहे, आणि २०१९ मध्यें ती आणखी दहा वर्षांसाठीं वाढविण्यांत आली. त्यांच्यांत बंदूक हें कुलाचाराचें साधन आहे. तिची पूजा होते, आणि लहानपणापासून तिचा धाक शिकविला जातो. इतरत्र कायदा अधिकाधिक कडकच होत गेला. २०१६ च्या नियमांनीं परवाना मागणाराला हत्यार सुरक्षितपणें चालविण्याचें शिक्षण व तें सुरक्षित ठेवण्याची सोय यांची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाला तीन ऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. निवडणुका जवळ आल्या म्हणजे परवान्याच्या बंदुका ठाण्यांत जमा करून घेण्याची रीति आहे. त्या दिवसांत चोरानें सुटी घेतलेली नसते, असें परवानेदार म्हणतात तें खोटें नव्हे.

आतां शेवटचा, आणि आमच्या मतें सर्वांत अवघड भाग. बंदूक बाहेरच्यासाठीं घेतली तरी ती राहते आंतल्यांबरोबर. अमेरिकेंत, जेथें घरांत बंदूक ठेवणें हा घटनात्मक हक्क असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें दिला, तेथेंच या गोष्टीचा बारकाईनें अभ्यास झाला आहे. केलरमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, ज्या घरांत बंदूक होती तेथें घरांतील माणसाचा खून होण्याचा संभव इतर घरांच्या सुमारें २.७ पट होता. आणि मारणारा बहुधा कुटुंबांतला किंवा ओळखीचा होता. यावर टीकाकारांनीं असा आक्षेप घेतला कीं, ज्यांना आधींच धोका असतो तेच लोक बंदूक घेतात, तेव्हां बंदुकीमुळें धोका कीं धोक्यामुळें बंदूक हें कसें ठरवावें? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. तथापि त्यामुळेंहि एक साधी अडचण सुटत नाहीं. बंदूक कुलपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत ठेवलीं, तर तीं मुलांपासून दूर राहिलीं. पण मध्यरात्रीं चोरापासूनहि तितकींच दूर राहिलीं. भरून उशाशीं ठेवली, तर ती हातांशीं आली. पण ती सर्वांच्याच हातांशीं आली. तोड्याच्या बंदुकीची जी उणीव होती, तीच तिची सुरक्षितताहि होती, हें येथें कळतें.

शिवाय बार उडाल्यानंतरची जबाबदारी आहेच. मेकॉलेनें आंखलेला स्वसंरक्षणाचा हक्क २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि, ३४ ते ४४ या कलमांत, बहुतेक तसाच आहे. आणि गरजेपेक्षां अधिक इजा करूं नये ही मर्यादाहि तशीच आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर मारलेला बार हा स्वसंरक्षण ठरेल असें कोणीं समजूं नये. अंधारांत, घाबरलेल्या मनानें, एका क्षणांत जो निर्णय घ्यावयाचा, त्याची छाननी न्यायालय पुढें दिवसाउजेडीं सावकाश करणार, हें बंदूक विकत घेतांनाच लक्षांत ठेवलें पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यांत स्नेह्यांकडे जाऊन आम्हीं हें सर्व त्यांना सांगितलें. बंदूक घ्यावयाचीच असेल तर कायद्यानें सुचविलेली गुळगुळीत नळीची घ्यावी, ती चालविण्यास नीट शिकावें, आणि पिस्तुलाचा मोह धरूं नये, असें आमचें उत्तर त्यांना दिलें. त्यांनीं तें कागदावर टिपून घेतलें. तेव्हां इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तें सगळें ठीक. पण ती रात्रीं ठेवायची कोठें, तेवढें सांगा. सुटींत नातवंडें याच खोलींत निजतात.”

याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. लिटनच्या कायद्यांत तें नाहीं, कराचीच्या ठरावांत नाहीं, आणि तेराव्या कलमांतहि नाहीं. स्नेही थोडा वेळ विचार करीत बसले व मग म्हणाले, “म्हणजे आळीनें मिळून रामोशी ठेवावा, हेंच बरें म्हणायचें.”

पुढच्या महिन्यांत आळींतील अकरा घरांनीं वर्गणी करून रात्रीचा राखणदार नेमला, कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा अर्ज करून चालू करून घेतला, आणि ज्या वृद्ध दांपत्याकडे चोरी झाली होती त्यांच्या मागील दाराला नवा अडसर बसविला. परवान्याचा कोरा अर्ज स्नेह्यांच्या मेजाच्या खणांत आहे. तो त्यांनीं फाडलेला नाहीं, आणि अद्याप भरलेलाहि नाहीं.